खारव्याचा तांबडा रंग

चिखली आणि खामगाव या दोन कसब्यांच्या मधल्या टापूत, म्हणजे वऱ्हाडच्या जुन्या विभागणीप्रमाणे बालाघाट सरून पायनघाट सुरू होण्याच्या सुमारास, उंद्री नावाचे गाव आहे. आणि या मुलखातल्या बांधांवर, ओढ्याच्या काठी किंवा पडीत जमिनीत, कोणी मुद्दाम न लावता वाढलेले बारतोंडीचे झाड ज्याने पाहिले नाही असा शेतकरी विरळा. पांढऱ्या सुवासिक फुलांचे, खडबडीत सालीचे आणि अंगावर अनेक डोळे उमटल्यासारख्या ओबडधोबड फळांचे हे झाड आज कोणाच्या विशेष उपयोगाचे राहिलेले नाही. परंतु त्याच्या मुळाची साल नखाने खरवडली, तर आतून हळदीसारखा पिवळा रंग दिसतो आणि त्यावर चुन्याच्या निवळीचा थेंब पडला की तो पिवळा रंग पाहता पाहता तांबूस-जांभळा होतो. एवढ्या एका गोष्टीवर एके काळी रंगाऱ्यांची घरे चालत होती, सरकारात महसूल जमा होत होता आणि वाण्याच्या दुकानातली प्रत्येक वही अंगावर तांबडे वस्त्र लेऊन बसत होती.

बारतोंडीच्या कुळातील जी जात रंगासाठी शेतात लावीत तिला आल म्हणत. गुजरातेकडून मुंबई बंदरात जाणाऱ्या तिच्या मुळांना 'सुरंजी' असे व्यापारी नाव होते. बुंदेलखंडापासून मध्यप्रांत, वऱ्हाड, खानदेश आणि गुजरातपर्यंत जेथे जेथे काळी भारी जमीन आहे तेथे तेथे आलीची लागवड होत असे. हे पीक उतावळ्या माणसाचे नव्हते. पेरल्यापासून साधारण तीन वर्षे थांबावे लागे. त्यानंतर जमीन खोल खणून मुळे काढावी लागत आणि ती काढतानाही तारतम्य हवे असे, कारण रंग मुळाच्या सालीत असल्यामुळे बारीक मुळे सर्वांत मोलाची आणि जाड मुळे जवळजवळ टाकाऊ ठरत. ज्या शेतात आल खणली गेली त्याची इतकी खोल उलथापालथ होई, की हट्टी तणांचाही बंदोबस्त त्यातच होऊन जाई. म्हणजे खणण्याची मजुरी जबर असली तरी तिच्यातला काही भाग जमिनीच्या खात्यावर जमा होत असे. या हिशेबाकडे पुढे आलीचे मरण लिहिणाऱ्यांनी फारसे लक्ष दिलेले नाही.

आलीने रंगवलेल्या जाड्याभरड्या सुती कापडाला खारवा म्हणत. (या नावात 'खार' आहे खरा, आणि रंगाऱ्याच्या कामात खाराचे महत्त्व केवढे ते पुढे दिसेलच, तथापि व्युत्पत्तीच्या मोहात न पडलेले बरे.) खारवा पक्क्या रंगाचा, उन्हापावसाला न भिणारा, शिवाय त्याला वाळवी लागत नाही असा लौकिक असल्यामुळे सावकारांच्या वह्या आणि कुळकर्ण्यांची दप्तरे त्यातच बांधली जात. रजयांची खोळ, तंबूंचे अस्तर, गाद्या-तक्क्यांचे अभ्रे हेही खारव्याचेच. बुलढाणा जिल्ह्यात कापड विणण्याची परंपरा जुनी आहे. मेहकरच्या मोमीन विणकरांकडे एके काळी एवढा पैसा होता, की गावाचा कोट त्यांनी आपल्या खर्चाने बांधला, असे परंपरा सांगते. आणि जेथे विणकर तेथे रंगारी हे ओघानेच आले. निळीचे काम करणारे निराळी वेगळे, छापकाम करणारे भावसार वेगळे, आणि आल व कुसुंबा यांचे काम करणारे रंगारी वेगळे. कुसुंबा म्हणजे करडईच्या फुलांचा रंग. त्या करडईचे आता वऱ्हाडात फक्त तेल राहिले आहे, तिच्या फुलांनी कधी लग्नाची वस्त्रे रंगत होती हे कोणाच्या ध्यानीमनीही नसते.

आता रंगारी नेमके काय करीत असे ते सविस्तर पाहिले पाहिजे, कारण या निबंधाचे सारे मर्म त्यात आहे. कापड नुसते आलीच्या काढ्यात उकळले तर त्यावर मळकट पिवळसर छटेपलीकडे काही चढत नाही. म्हणून प्रथम कापड तेल आणि खार यांच्या दुधाळ मिश्रणात मळून काढावयाचे, उन्हात वाळवावयाचे, पुन्हा मळावयाचे, पुन्हा वाळवावयाचे, आणि असे अनेक दिवस करीत राहावयाचे. मग हिरड्याच्या पाण्यात बुडवावयाचे. मग तुरटीच्या पाण्यात. आणि एवढी सिद्धता झाल्यावरच आलीच्या कुटलेल्या मुळांबरोबर मंद आचेवर शिजवावयाचे. तेल तिळाचे किंवा एरंडाचे. हिरडा सातपुड्यातून येई. तुरटी व्यापाऱ्याकडून येई. आणि खार? खारासाठी या जिल्ह्याला दूर जावे लागत नव्हते. लोणारचे सरोवर मेहकरच्या हद्दीतच होते. 'ऐन-इ-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याचे वर्णन करताना अबुल फझलाने लोणारचा उल्लेख केला आहे तो तेथील पुराणकथांबरोबरच अशा कारणाने, की काच आणि साबण करण्यास लागणारे द्रव्य तेथे मिळते व त्यापासून सरकारास चांगले उत्पन्न होते. उन्हाळ्यात पाणी आटले की काठावर साचणारा तो सोडा गोळा करून त्याच्या शुद्धतेप्रमाणे निरनिराळ्या नावांनी विकला जाई, आणि त्यातील एक प्रत रंग पक्का करण्याच्या कामी जाई. आकाशातून पडलेल्या अशनीने काळ्या दगडात केलेल्या खळग्यातला क्षार, पायनघाटच्या जमिनीतले मूळ आणि सातपुड्यातले फळ यांची एका कढईत गाठ घालणारा हा माणूस रसायनशास्त्रज्ञ नव्हता, असे म्हणण्यास मला तरी संकोच वाटतो.

संकोच वाटण्यास आणखीही एक कारण आहे. 1848 साली ही सुरंजी मुळे ग्लासगोच्या बाजारात पोहोचली. तेथील कापडछपाईच्या कारखानदारांनी नेहमीच्या रीतीने, म्हणजे तुरटीचे किंवा लोखंडाचे क्षार लावलेल्या कापडावर, त्यांची परीक्षा केली आणि मुळात रंगच नाही, असा एकमुखी निकाल दिला. टॉमस अँडरसन नावाच्या रसायनज्ञाच्या हाती त्यांतील नमुना आला. त्याने मुळांच्या सालीतून पिवळे स्फटिक वेगळे काढले, त्यांस 'मोरिंडिन' हे नाव दिले, आणि ते तापवल्यावर मिळणाऱ्या तांबड्या द्रव्यास 'मोरिंडोन' म्हटले. साध्या तुरटीवर हा रंग बसत नाही हे त्यालाही दिसले. पण तेल पाजून सिद्ध केलेल्या कापडावर तो उत्तम बसतो हेही त्यानेच दाखवले. ग्लासगोच्या तज्ज्ञ मंडळींचा निकाल खोटा नव्हता, परंतु तो मुळांविषयीचा नसून त्यांच्या स्वतःच्या कापडाविषयीचा होता. वऱ्हाडातला रंगारी दिवसचे दिवस तेल आणि खार घेऊन कापड का मळीत बसतो याचे उत्तर त्या एका प्रयोगात मिळाले: तेलातील आम्ले, तुरटीतील ॲल्युमिनियम, पाण्यातील वा खारातील चुना आणि मुळातील रंगद्रव्य हे सगळे मिळून धाग्याच्या पोटात एक अविद्राव्य संयुग बनवतात, आणि त्यांपैकी एकजण जरी गैरहजर राहिला तरी पंचायत भरत नाही.

अँडरसनच्या या प्रयोगानंतर जेमतेम 20 वर्षांनी जे घडले त्याने आलीचा निकाल कायमचा लागला. युरोपात आलीचे काम मंजिष्ठेच्या कुळातील मॅडर नावाची वनस्पती करीत असे. तिच्या मुळातील अलिझरिन आणि आपल्या आलीतील मोरिंडोन ही दोन्ही अँथ्राक्विनोन नावाच्या एकाच सांगाड्याची अपत्ये. फरक एवढाच, की एकावर दोन हायड्रॉक्सिल गट आहेत, तर दुसऱ्यावर तीन, आणि जोडीला एक मेथिल. 1868 साली बर्लिनमध्ये ग्रेबे आणि लिबरमान या दोन तरुणांनी अलिझरिन तापवून पाहिले तेव्हा दगडी कोळशाच्या डांबरात सापडणारे अँथ्रासिन त्यांच्या हाती आले, आणि मग उलट्या पावलांनी चालत त्यांनी अँथ्रासिनपासून अलिझरिन बनवले. वनस्पतीतील एखादा रंग मनुष्याने निर्जीव द्रव्यापासून बनवल्याचा हा पहिला दाखला. त्यांची मूळ रीत ब्रोमिनाची, म्हणजे महागडी होती. स्वस्त रीत, म्हणजे तीव्र गंधकाम्लाने अँथ्राक्विनोनवर सल्फॉनिक गट बसवून मग त्यास दाहक सोड्याबरोबर वितळविण्याची, ही जर्मनीत बीएएसएफ कंपनीच्या कारो याने आणि इंग्लंडात विल्यम हेन्री पर्किन याने स्वतंत्रपणे शोधली. जर्मनांनी लंडनच्या कचेरीत आपला अर्ज 25 जून 1869 रोजी दाखल केला, पर्किनचा अर्ज 26 जूनचा. एका दिवसाच्या फरकावर भांडत न बसता दोघांनी बाजारपेठ वाटून घेतली, हे व्यापारी शहाणपण म्हणावे.

हा पर्किन तोच, ज्याने 1856 साली, वयाच्या 18 व्या वर्षी, कोयनेल बनविण्याच्या खटपटीत जांभळा मॉव्ह रंग बनवून कृत्रिम रंगांचे युग सुरू केले. त्याच्या कारखान्यातून 1869 साली 1 टन अलिझरिन बाहेर पडले, 1870 साली 40 टन आणि 1871 साली 220 टन. या तीन आकड्यांशेजारी, जमिनीत तीन वर्षे वाढावी लागणारी आल ठेवून पाहावी. त्याच 1870 साली खामगावपर्यंतचा आगगाडीचा फाटा सुरू झाला. गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो त्यासाठी स्वतः खामगावी आले होते. हेतू वऱ्हाडचा कापूस बंदरावर नेण्याचा होता, आणि तो सफल झालाच. पण आगगाडी दोन्ही दिशांनी धावते. जाताना रुईच्या गाठी नेणाऱ्या वाघिणींतून येताना मँचेस्टरचे कापड आले, आणि त्याच मार्गाने यथावकाश अलिझरिनच्या लगद्याचे डबे आले.

आल हरली ती रंगात कमी पडली म्हणून, असे सरसकट सांगितले जाते. मला ते मान्य नाही. जुन्या खारव्याचा रंग पुढच्या अलिझरिनाच्या तांबड्याहून फिका नव्हता, आणि पक्केपणात तर मुळीच हार जाणारा नव्हता. आल हरली ती निराळ्या ठिकाणी. रंगाऱ्याचे ज्ञान त्याच्या हातात, जिभेवर आणि घरात होते. खाराचे पाणी चाखून त्याची तीव्रता ओळखावयाची, आच किती ती कढईच्या आवाजावरून ठरवावयाची, आणि हे सारे बापाने मुलाला शिकवावयाचे, अशी ती रीत. डब्यातल्या रंगाबरोबर मात्र एक कागद येत असे आणि त्यावर लिहिल्याप्रमाणे कोणीही केले तरी रंग चढत असे. मुळांचा कस शेताशेताला बदलतो, डब्यातल्या रंगाचा बदलत नाही. तीन वर्षे जमीन गुंतवण्याऐवजी त्या काळ्या जमिनीत कापूस लावला तर वर्षाच्या आत रोकड हाती येते हे खामगावच्या बाजाराने रयतेला शिकवलेच होते. रयतेने जे केले ते हिशेबाने बरोबर केले. काही ठिकाणी रंगाऱ्यांनीही प्रथम अलिझरिनच स्वीकारले, कढई जुनी आणि रंग नवा असा काही काळ गेला, आणि मग कढईही थंड झाली. पहिल्या महायुद्धात जर्मन माल बंद होऊन रंगांचे भाव कडाडले तेव्हा जुन्या रंगांची थोडी आठवण झाली खरी, परंतु तोवर आलीची शेते उरली नव्हती.

निळीची कथा सर्वांना ठाऊक आहे म्हणून ती येथे विस्ताराने सांगत नाही. त्यातील एकच प्रसंग घेतो, कारण त्यामुळे उत्प्रेरक म्हणजे काय हे समजते. बायर या जर्मन रसायनज्ञाने 1880 साली नीळ बनविली, पण ती कारखान्यात परवडेना. बीएएसएफने या कामी 18 दशलक्ष मार्क ओतले. अडचण अशी होती, की नॅफ्थॅलिन (आपल्या कपाटातल्या डांबरगोळ्याचेच द्रव्य) गंधकाम्लाने जाळून थॅलिक आम्ल बनवायचे, ती क्रिया फार मंद चाले. 1896 साली झापर नावाच्या रसायनज्ञाच्या भांड्यात तापमापी फुटली आणि तिच्यातला पारा मिश्रणात सांडला. क्रिया एकाएकी वेगाने चालू लागली. पारा खर्ची पडला नाही, पण त्याच्या असण्याने काम झाले. पुढच्याच वर्षी, 1897 मध्ये, कृत्रिम नीळ बाजारात आली आणि बिहार-बंगालच्या निळीची उतरण सुरू झाली. तापमापी फुटल्याची गोष्ट विद्यार्थ्यांना आवडते. पण फुटलेल्या तापमाप्या जगात हजारो, त्यांतील एकीकडेच कोणी लक्ष दिले, हे त्यांना सहसा सांगितले जात नाही.

बर्झेलियस या रसायनज्ञाने 1835 च्या सुमारास 'कॅटॅलिसिस' हा शब्द घडविला. आपण उत्प्रेरण म्हणतो. शिकवताना शिक्षक विरजणाचा दृष्टान्त देतात, आणि तो मला कधीच पटला नाही, कारण विरजण दुधात वाढते, उत्प्रेरक वाढत नाही आणि घटतही नाही. शिवाय उत्प्रेरक केवळ घाई करतो, ही समजूतही अपुरी आहे. 1903 साली इलिन्स्की आणि श्मिट या रसायनज्ञांनी दाखविले, की अँथ्राक्विनोनवर सल्फॉनिक गट बसविताना पारा नसेल तर तो गट दुसऱ्या जागी बसतो, आणि चिमूटभर पारा असेल तर पहिल्या जागी. दुसऱ्या जागेपासून अलिझरिन बनते. पहिल्या जागेपासून वेगळ्याच रंगांचे घराणे निघते. उत्प्रेरक म्हणजे नुसता चाबूक नव्हे, तर फाट्यावर उभा राहून गाडी कोणत्या रुळावर जाईल ते ठरविणारा सांधेवाला, हा दृष्टान्त जलंब जंक्शन पाहिलेल्या खामगावकराला तरी समजावून सांगावा लागू नये. आज विद्यापीठांतून सेंद्रिय संश्लेषण आणि उत्प्रेरण या विषयात जे संशोधन चालते त्याचे बहुतेक सार या एका वाक्यात येते: हव्या त्याच जागी, हव्या त्याच बाजूने, कमीत कमी कचरा करून, अणूंना जोडणे.

आता या इतिहासातल्या सर्वांत विलक्षण भागाकडे येतो, आणि तो आहे एका गुरुपरंपरेचा. ज्या पर्किनच्या कारखान्याने आलीवर संकट आणले त्याला तीन रसायनज्ञ मुलगे झाले. मधला आर्थर जॉर्ज पर्किन लीड्स येथे वनस्पतिज रंगांच्या अभ्यासात आयुष्यभर राहिला, आणि आपल्या आलीच्याच कुळातील मुळांतले रंग त्याने हमेल या सहकाऱ्याबरोबर 1890 च्या दशकात तपासले. बापाने जी शेते मोडली त्यांचे मृत्युपत्र मुलाने लिहावे, असा हा योग. थोरला, बापाच्याच नावाचा विल्यम हेन्री पर्किन, म्युनिकला निळीच्या बायरपाशी शिकून मँचेस्टरला प्राध्यापक झाला. तेथे त्याचा शिष्य रॉबर्ट रॉबिन्सन, जो पुढे 1947 च्या नोबेल पारितोषिकाचा मानकरी झाला. मँचेस्टरलाच रॉबिन्सनपाशी 1920 च्या दशकात शिकण्यास आला कृष्णस्वामी वेंकटरामन नावाचा मद्रासचा तरुण. लाहोरला अध्यापक असताना 1933 च्या सुमारास त्याने फ्लेव्होन वर्गातील वनस्पतिरंग बनविण्याची जी रीत शोधली ती आज जगभर बेकर आणि वेंकटरामन या दोघांच्या जोडनावाने ओळखली जाते. 1933 मध्ये सुरू झालेल्या मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात तो पुढच्याच वर्षी आला, 1938 साली त्याचा पहिला भारतीय संचालक झाला, आणि कृत्रिम रंगांवरचा त्याचा 1952 सालचा द्विखंडात्मक ग्रंथ ज्या जर्मनांनी आपला बाजार घेतला त्यांनाही चाळावा लागला.

आणि वेंकटरामनांपाशी मुंबईत डॉक्टरेट करून पुढे ऑक्सफर्डला खुद्द रॉबिन्सनपाशी गेलेला त्यांचा शिष्य होता बाळ दत्तात्रेय टिळक, जन्म 1918, गाव विदर्भातील कारंजा. गंधकयुक्त वलयांच्या संश्लेषणात टिळकांनी केलेले काम, म्हणजे पॉलिफॉस्फोरिक आम्लासारख्या अम्लाच्या साहाय्याने साखळी मिटवून बेंझोथायोफीनचे वलय करण्याची रीत, रसायनज्ञांच्या वाङ्मयात कायम झाली आहे. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा 3 जानेवारी 1950 रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते उघडली; 1957 ते 1966 वेंकटरामन तिचे संचालक होते, आणि 1966 ते 1978 टिळक. पर्किन, त्याचा मुलगा, रॉबिन्सन, वेंकटरामन, टिळक अशी ही साखळी मोजून पाच कड्यांची आहे. रंगाऱ्याचे ज्ञान बापाकडून मुलाकडे जात असल्यामुळे ते मागासलेले आणि नाशवंत, व रसायनशास्त्र कागदावर असल्यामुळे प्रगत, असे मीच वर सुचविल्यासारखे झाले. परंतु ज्याने कधी प्रयोगशाळेत काम केले आहे त्याला ठाऊक असते, की कागदावरची कृती आणि हाताला यश येणे यांत अंतर असते, आणि ते अंतर गुरूच्या शेजारी उभे राहिल्यावाचून कापले जात नाही. वेंकटरामनांनी पुण्यात आपल्या सहकाऱ्यांकडून लाखेच्या किड्याच्या तांबड्या रंगाची रचना उलगडून घेतली, तीही अँथ्राक्विनोनच्याच घराण्यातली निघाली. म्हणजे आलीचे भाऊबंद अखेर आपल्याच मुलखातल्या प्रयोगशाळेत ओळखले गेले.

मध्यंतरी खुद्द मोरिंडोनचे काय झाले, हेही सांगून टाकतो. 1925 साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात रॉजर ॲडम्स आणि त्याचा सहकारी जेकबसन यांनी त्याचे संश्लेषण केले. ॲडम्स हा प्लॅटिनमच्या उत्प्रेरकाचा कर्ता. तो उत्प्रेरक आजही त्याच्या नावाने प्रयोगशाळांतून मागविला जातो. वऱ्हाडातल्या रंगाऱ्याचे तांबडे द्रव्य याप्रमाणे काचेच्या चंबूत सिद्ध झाले, तेव्हा ते विकत घेणारा वऱ्हाडात कोणी उरला नव्हता.

टिळकांच्या पिढीपासून विदर्भातही हे शास्त्र रुजले. कामठीचे खाणमालक लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून नागपूरची तंत्रशास्त्रसंस्था 1942 साली सुरू झाली. अमरावतीचे विद्यापीठ 1983 साली झाले आणि बुलढाणा जिल्हा त्याच्या कक्षेत आला. अमरावती, अकोला, खामगाव येथील महाविद्यालयांतून चाल्कोन, फ्लेव्होन, पायराझोलीन या संयुगांवर प्रबंध लिहिणाऱ्यांच्या पिढ्या झाल्या, आणि त्यांच्यामागे बेकर-वेंकटरामनांची रीत उभी होती. विद्यार्थिदशेत मीही बेंझाल्डिहाइड आणि ॲसिटोफेनोन सोड्याच्या पाण्यात ढवळून चाल्कोनाचे पिवळे स्फटिक काढले आहेत. वितळबिंदू पुस्तकातल्यापेक्षा सहा अंशांनी कमी आला, आणि मास्तरांनी 'पुन्हा स्फटिकीकरण करा' एवढेच सांगितले. तो खाराचा आणि पिवळ्या रंगाचा खेळ रंगाऱ्याचाच आहे, हे तेव्हा मला कळले नव्हते. अशा प्रबंधांना उपहासाने 'मेथिलच्या जागी क्लोरो' म्हणण्याची चाल आहे. तो उपहास सर्वस्वी अन्यायाचा नाही, पण सर्वस्वी न्यायाचाही नाही. दिवसातून चार तास वीज नसलेल्या आणि वर्णपटमापक यंत्रासाठी नमुना परगावी पाठवून महिनाभर वाट पाहावी लागणाऱ्या प्रयोगशाळेतून काय बाहेर पडावे अशी अपेक्षा आपण करतो, याचाही विचार व्हावा.

उत्प्रेरणाच्या बाबतीत तर वऱ्हाडच्या भूमीने आपल्या रसायनज्ञांशी एक थट्टाच केली आहे. सहज मिळणारे, स्वस्त, गाळून पुन्हा वापरता येणारे घन अम्ल उत्प्रेरक म्हणून आज ज्या मातीचे नाव घेतले जाते ती माँटमोरिलोनाइट. आणि उंद्रीच्या शिवारात पावसाळ्यात पायाला चिकटणारी, उन्हाळ्यात हातभर भेगाळणारी काळी माती ज्या सूक्ष्म पापुद्र्यांची बनलेली आहे ते पापुद्रे याच कुळातले आहेत. पाणी पापुद्र्यांच्या मध्ये शिरते म्हणून ती फुगते. त्याच फटींत अम्ल बसविले तर सेंद्रिय रेणू तेथे येऊन एकमेकांशी जोडले जातात. ज्या गुणाने शेतकऱ्याची बैलगाडी रुतते त्याच गुणाने रसायनज्ञाची क्रिया चालते. तसेच झिओलाइटचे. दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत जे शुभ्र स्फटिक सापडतात, आणि जगभरच्या संग्रहालयांत महाराष्ट्राच्या नावाने मांडलेले आहेत, ते झिओलाइट, म्हणजे सछिद्र खडे. तापवले असता त्यांतून पाणी उकळून निघते हे पाहून 1756 साली क्रोनस्टेट या स्वीडिश खनिजशास्त्रज्ञाने त्यांना 'उकळता दगड' या अर्थाचे हे नाव दिले. त्यांचीच कृत्रिम भावंडे घडवून, छिद्रांच्या मापाने रेणू निवडण्याचे काम पुण्याच्या प्रयोगशाळेत पॉल रत्नसामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले, आणि 1980 च्या दशकात त्यांचे उत्प्रेरक बडोद्याच्या पेट्रोरसायनांच्या कारखान्यात प्रत्यक्ष चालू लागले. परदेशाकडून तंत्र विकत घेण्याची सवय जडलेल्या देशात ही गोष्ट लहान नव्हती.

बारतोंडी मात्र बांधावर आहे तशीच आहे. तिच्या फळाचा रस आता 'नोनी' या परकीय नावाने बाटल्यांतून, सर्व रोगांवरचे औषध म्हणून, भरमसाट किमतीला विकला जातो. त्या दाव्यांविषयी न बोलणेच इष्ट. रंगारी आडनाव लावणारी घराणी चिखली, मेहकर, देऊळगाव राजा या बाजूस आहेत, पण ती आता शिंपीकाम, दुकानदारी वा नोकरी करतात, आणि कढईची आठवण सांगणारे क्वचितच कोणी भेटेल.

एक वस्तू तेवढी अजून शिल्लक असण्याचा संभव आहे. उंद्री आणि आसपासच्या गावांतील जुन्या वाड्यांत, माळ्यावरच्या पेटीत, पणजोबांच्या सावकारीच्या किंवा कुळकर्णीपणाच्या वह्या असतात; आत मोडी अक्षर, बाहेर तांबडे कापड. मोडी वाचणारे आज मिळणे कठीण. कापड मात्र वाचता येते. त्याच्या दोन धाग्यांतून रंग विरघळवून वर्णलेखनाच्या यंत्रात घातला, तर त्यात मोरिंडोन आहे की अलिझरिन आहे हे कोणत्याही विद्यापीठातला रसायनज्ञ एका दिवसात सांगू शकतो. आणि वहीच्या पहिल्या पानावरचा शक त्याशेजारी मांडला, तर त्या घरात आल कोणत्या साली संपली आणि जर्मन डबा कोणत्या साली आला, याची मिती निघते. अशी वही ज्यांच्या घरी असेल त्यांनी ती रद्दीत घालू नये, आणि तिचे कव्हर फाटके म्हणून बदलू तर मुळीच नये.